संमोहन उपचार जरूर घ्या, पण चमत्कार विकत घेऊ नका



पावसाळा लागला की लोणावळ्यात दोन गोष्टी वाढतात. एक, भुशी धरणावरची गर्दी. दुसरी, ‘दोन दिवसांत आयुष्य बदला’ म्हणणारी शिबिरे. तंबाखू, दारू, शुगर, बीपी, वजन, भीती, सगळ्यांतून संमोहनाने मुक्ती! अशी पत्रके घेऊन पेशंट ओपीडीत येतात आणि विचारतात, “डॉक्टर, जाऊ का?”

ओपीडीत पाच मिनिटांत याचे उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. संमोहन ही खरी गोष्ट आहे. पण त्याच्या नावाने आपल्याकडे जे विकले जाते, त्यातले बरेचसे खोटे आहे. आणि त्या खोट्याची किंमत फक्त पैशांत मोजली जात नाही.

एका ताईंची गोष्ट

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडगावकडच्या एक ताई, वय पंचेचाळीसच्या आसपास. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, वजन उतरलेले. घरात वर्षभरापूर्वी एक मृत्यू झाला होता, म्हणून सगळ्यांनी ठरवले की ‘टेन्शन’ आहे. कुणीतरी त्यांना एका संमोहनवाल्याकडे नेले. त्याने निदान केले, ‘मागच्या जन्मी पाण्यात बुडून मृत्यू.’ चार महिने बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीचे तीन हजार रुपये. रक्ताची एकही तपासणी नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा नाडी 130 आणि अनियमित होती. थायरॉईडची तपासणी केली. ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती. योग्य गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत धडधड, कंप, निद्रानाश ओसरू लागले. मागचा जन्म आपोआप शांत झाला! पण त्या चार महिन्यांत हृदयावर जो ताण पडला, तो त्यांना टाळता आला असता.

बऱ्या झाल्यावर त्यांनी मला विचारले, “मग डॉक्टर, मला बुडताना दिसलं ते काय होतं?”

प्रश्न अगदी योग्य आहे. त्या खोटे बोलत नव्हत्या. संमोहित अवस्थेत कल्पनाशक्ती तीव्र होते आणि समोरच्याच्या सूचना मन चटकन स्वीकारते. “पाणी दिसतंय का? श्वास कोंडतोय का?” असे कुणी विचारत राहिले, तर मन चित्र तयार करते आणि ते आठवणीइतकेच खरे वाटते. म्हणूनच संमोहनातून ‘बाहेर काढलेल्या’ आठवणींवर विसंबू नये, असे स्मृतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात.

मग संमोहन म्हणजे नेमके काय?

पुण्याहून लोकलने येताना तुम्ही विचारांत इतके गुंग होता की मळवली कधी मागे पडले ते कळत नाही. पण कुणी तुमचे नाव घेतले, तर लगेच मान वळते. संमोहन साधारण असेच असते. लक्ष एका जागी एकवटलेले, बाकीचे मागे पडलेले. ती झोप नाही, बेशुद्धी नाही. तुम्हाला ऐकू येत असते आणि नको वाटले तर तुम्ही उठून जाऊ शकता.

ही गोष्ट जगाला ठामपणे सांगणाऱ्यांत आपल्या शेजारचाच एक माणूस होता. पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाजवळ, आडव्या झालेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला एक पुतळा दिसतो. तो आबे फारिया यांचा. 1756 साली बार्देशातल्या कांदोळीला जन्मलेले हे धर्मगुरू 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करत. त्या काळी मेस्मरच्या अनुयायांचा दावा होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय शक्ती बाहेर पडते. फारिया म्हणाले, अशी कुठलीही शक्ती नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते. त्यांचे पुस्तक 1819 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी आले.

दोनशे वर्षांपूर्वी गोव्याच्या माणसाला जे कळले, ते आज पत्रके छापणाऱ्यांना कळत नाही का? कळते. पण ‘किल्ली तुमच्याच खिशात आहे’ असे सांगून तिकीट खपत नाही.

“पण माझ्या भावाची तंबाखू एका बैठकीत सुटली!”

सुटली असेल. मी नाकारत नाही. पण श्रेय भावाला द्या, कारण सोडायचे त्याने ठरवले होते. आणि ज्यांची सुटत नाही, त्यांना काय सांगितले जाते? “तुमची इच्छाशक्ती कमी पडली.” म्हणजे यश आले तर गुरूंचे आणि अपयश आले तर पेशंटचे. हा हिशेब मला मान्य नाही. आधीच व्यसनाने खचलेल्या माणसाला आणखी खचवणारा हा प्रकार आहे.

पुरावा काय सांगतो? सिगारेट सोडण्यासाठी संमोहन इतर समुपदेशनापेक्षा सरस आहे, असा पुरेसा पुरावा कोक्रेनच्या 2019 च्या आढाव्यात मिळाला नाही. मधुमेह किंवा बीपी संमोहनाने बरे होत नाहीत. शिबिरातून येऊन इन्सुलिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता दुसरी बाजू. वारंवार पोट दुखणे, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, म्हणजे आयबीएस या विकारात संमोहनाचा उपयोग दिसला आहे. 1984 साली मँचेस्टरमध्ये, औषधांनी गुण न आलेल्या 30 रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि फरक ठळक होता. पुढच्या अभ्यासांतूनही आधार मिळत गेला. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, सुईची भीती, काही प्रकारच्या वेदना यांतही मदत होते.

इथे माझीही चूक कबूल करतो. कित्येक वर्षे मी अशा पोटदुखीच्या पेशंटना “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत” म्हणून घरी पाठवत होतो. आम्ही डॉक्टरांनी दार लावून घेतले, म्हणून ती माणसे पत्रकांकडे वळली. हा दोष आमचा आहे.

जाण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

1. आधी शारीरिक आजार नाही ना, हे डॉक्टरांनी तपासले आहे का?
2. उपचार करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का?
3. ‘शंभर टक्के खात्री’ दिली जाते का? दिली तर तिथूनच परत फिरा.
4. चालू गोळ्या बंद करायला सांगतात का? तेव्हाही परत फिरा.
5. घरी स्वतः करायचा सराव शिकवतात, की दर वेळी त्यांच्याकडेच यावे लागते?

भास होणे, संशयाचा आजार किंवा गंभीर मानसिक आजार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय संमोहन करू नये.

तंबाखू सोडायची आहे? 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. मनावर ताण आहे? टेलिमानसचा 14416 क्रमांक चोवीस तास मोफत आहे. आधी हे करून पाहा.

याच लोणावळ्यात 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले. योगावर त्यांची श्रद्धा होती, तरी आसने-क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे ते एक्स-रे आणि उपकरणांनी मोजत बसले. श्रद्धा होती म्हणून त्यांनी मोजणे टाळले नाही. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी असे काम झाले, त्या गावात आपण विना तपासणीचा ‘मागचा जन्म’ तीन हजारांना विकत घ्यावा?

बदल तुमच्यातच घडतो. कुणी मदतीला हात दिला तर जरूर धरा. पण तो हात तुमच्या गोळ्यांच्या डबीकडे किंवा पाकिटाकडे वळतोय असे दिसले, तर आधी नाडी दाखवायला या.