मार्चमधली लाल पानं

कॅलेंडरवरचं ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. डोंगर, मधून जाणारी पायवाट आणि दोन्ही बाजूंना लालभडक, पिवळीधमक झाडं. माझ्या आठवीतल्या भाच्याला अगदी तस्साच फोटो हवा होता. ‘‘मामा, काश्मीरला जाऊ या ना! ऑक्टोबरअखेर चिनार लाल होतात.’’ त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण मामाचा खिसा तयार नव्हता. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी भल्या पहाटे मी त्याला पनवेलजवळच्या कर्नाळ्याला घेऊन गेलो.

कर्नाळा म्हणजे पक्ष्यांचं अभयारण्य आणि वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला. चढ सुरू झाला तशी स्वारीची कुरकुरही सुरू झाली. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. कितीतरी झाडं नुसती खराट्यासारखी उभी. ‘‘मामा, इथे कसला फोटो काढायचा?’’

आणि एका वळणावर तो थबकला. समोर एक झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल!

‘‘हे वाळतंय का?’’

‘‘हात लावून बघ.’’

पान मऊ, लुसलुशीत होतं. वाळणारं कसलं, ते तर नुकतंच जन्मलेलं बाळ होतं! झाडाचं नाव कुसुंब. कुणी कोशिंबही म्हणतात.

गंमत बघा. थंड देशांत हिवाळा जवळ आला, दिवस लहान झाले, की झाड पानं गाळायच्या तयारीला लागतं. पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. काही झाडं त्याच वेळी अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्यही तयार करतात. म्हणजे तिथला लाल रंग निरोपाचा. आपल्या सह्याद्रीत झाडं पानं गाळतात ती मुख्यतः पाणी वाचवायला. आणि कुसुंबाचा लाल रंग असतो नव्या पालवीचा! रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. पानात हरितद्रव्य पुरेसं भरेपर्यंत कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आणि किड्यांपासून त्याचं संरक्षण मिळत असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. थोड्याच दिवसांत ही पानं हिरवी होतात. उशीर केलात तर फोटो हुकला!

भाच्यानं लगेच कॅमेरा वर करून आकाशाकडे धरला नि खटकन फोटो काढला. बघतो तर पानं काळी! मागचं आकाश लख्ख, त्यामुळे कॅमेऱ्यानं उजेड कमी केला आणि पानं अंधारात गेली. मग आम्ही जागा बदलली. पानाच्या मागे डोंगराची सावली आणि ऊन पानातून आरपार येणारं, अशी. पान दिव्यासारखं पेटलं! फक्त आता उलटा घोटाळा होतो. मागे काळोख दिसला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि लाल पान फिकट गुलाबी येतं. म्हणून उजेड थोडा कमी करायचा. मोबाइल असेल तर पडद्यावर पानावरच बोट टेकवायचं. हे सगळं सकाळीच हं. भर दुपारी रंग पांढुरके पडतात.

फोटोत अख्खं झाड मावेना. मी म्हटलं, ‘‘थोडा मागे जा. अजून थोडा...’’

तो डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकला. पायाखाली वाळकी पानं, पानांखाली मुरूम आणि त्याच्या मागे उतार. पाय सर्रकन घसरला. माझ्या हाताला त्याच्या सॅकचा पट्टा लागला म्हणून बरं! गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावलं. चूक त्याची नव्हती. तो झाडाकडे बघत होता आणि मीही झाडाकडेच बघत होतो. त्याच्या पायांकडे बघणारं कुणीच नव्हतं. पाणी पिऊन दोघंही बराच वेळ गप्प बसलो. मग आम्ही ठरवून टाकलं, चालताना कॅमेरा बंद, आणि मागे सरकायचं असेल तर आधी वळून बघायचं. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हे मी संध्याकाळी स्वतःच सांगितलं. बोलणी खाल्ली!

वर सुळक्यापाशी आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा नाही, धूर नाही, अत्तर नाही आणि पोळ्यावर फ्लॅश तर मुळीच नाही. आम्ही गुपचूप डबा खाऊन उतरलो.

उतरताना कुसुंबाची एक डहाळी घरी नेऊ या, असं त्याच्या मनात आलं होतं. मी ‘नाही’ म्हणायच्या आत त्यानंच हात मागे घेतला. ‘‘नको. बाळं आहेत ना ती!’’

तुमच्या शाळेच्या आवारात देशी बदाम आहे का? त्याची पानं गळण्याआधी लाल होतात, म्हणजे अगदी थंड देशांतल्यासारखी! एक जागा ठरवा आणि तिथूनच दर रविवारी त्या झाडाचा फोटो काढा. मागे तारीख लिहायला विसरू नका. कॅमेरा नसला तर खाली पडलेलं एक पान दर आठवड्याला वहीत चिकटवा. भाच्याच्या वहीत आतापर्यंत सहा झालीत.