उस्ताद, तुतारी खाली ठेवा

गेले तीन वीकेंड हे लिहायचं टाळतोय. एकदा लॅपटॉप उघडला, दोन ओळी लिहिल्या आणि सरळ पिक्चर बघत बसलो. कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी पट पाहिलाय. आणि ज्या गावात हे घडलं ते माझं आजोळ आहे, ब्रह्मपुरीकडचं. पण आता लिहून टाकतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी आधी थोडं बॅकग्राउंड. तुम्ही ज्याला बैलगाडा शर्यत म्हणता, त्याला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. नुसतं 'पट' म्हटलं तरी चालतं. हलका छकडा, त्याला बैलांची जोडी आणि वर धुरकरी. घाटाची चढण वगैरे भानगड नाही, सरळ सपाट धावपट्टी. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळवतात. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई सुरू होते आणि तिच्या मागोमाग पट. दिवसा पट, रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा सगळा सीझन या पटांवर आणि मंडईंवर चालतो. ज्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती रंगभूमी हीच. गावात पट म्हणजे घरोघरी पाहुणे, लेकीबाळी माहेरी, रात्रभर नाटक, आणि त्या गर्दीत कुणाच्या तरी मुलीला कुणीतरी पाहून जातं. माझ्या एका मावशीचं लग्न पटातच ठरलंय. त्यामुळे 'बैल पळवण्यात कसली आलीय मजा' असं कुणी विचारलं की माझं डोकं सटकतं. तर मी पटाच्या बाजूचा माणूस आहे, हे आधी नीट लक्षात घ्या. कारण पुढचं वाचून मला कुणीतरी प्राणिमित्र संघटनेत ढकलणार, हे नक्की.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टूबरोबर आपल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. माझा दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हा. त्या वर्षी धान निघाल्यावर गावात जे शांत वाटलं ना, ते सांगता येत नाही. पट नाही म्हणून नाटक नाही, नाटक नाही म्हणून पाहुणे नाहीत. मामाने पटाची जोडी विकली. घेणाऱ्याने शेतीच्या बैलाच्या भावाने घेतली, कारण पळणाऱ्या बैलाला पळायला जागाच उरली नव्हती. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हायकोर्टात तो अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे साडेसात वर्षं पट बंद आणि नऊ वर्षं टांगती तलवार. माझं अख्खं इंजिनिअरिंग पटाशिवाय गेलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो, शनिवारी दुपारी नागपूर, तिथून पुढे एसटी. (सोमवारच्या कॉलला नेटवर्क मिळेल का ही चिंता होतीच, असो.) रविवारी पट. मैदान भरलेलं, माईकवाला घसा बसेपर्यंत ओरडतोय, चहा-चिवड्याची दुकानं, फुगेवाले, सगळं जसंच्या तसं. आणि प्रमुख पाहुणे म्हणून आमचे उस्ताद. नाव लिहीत नाही. आमच्या पंचक्रोशीत वीसेक वर्षं या माणसाला तोड नव्हती. कुठलीही आडमुठी जोडी द्या, हा माणूस धुरेवर बसला की ती वाऱ्यासारखी जायची. बंदी आली आणि ते सुटलं. आता वय झालंय. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, मीही जोरात वाजवल्या.

दुपारी एक जोडी सुटायच्या रेषेवर अडली. एका तरुण शेतकऱ्याची होती, पहिल्यांदाच पटात आणलेली. उजवीकडचा बैल बिथरला होता, डोळे पांढरे, नाकातून फुत्कार. पोरगा त्याला थोपटतोय, गोंजारतोय. तेवढ्यात उस्ताद स्टेजवरून उतरले. पोराला बाजूला केलं. आधी शेपटी पिरगाळली, मग दातांनी चावली. बैल तरी हलेना. मग त्यांनी कुणाच्या तरी हातातून तुतारी घेतली. इकडे तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे हं, टोचायची. काठी, आणि तिच्या टोकाला खिळ्याची आर. ती बैलाच्या पुठ्ठ्यात गेली, दोनदा, तीनदा. बैल उडालाच. जोडी अशी सुटली की पहिल्या पन्नास फुटांत छकडा कलंडतोय असं वाटलं. माईकवाला ओरडला, 'उस्तादांचा हात लागला हो!' आणि पब्लिकने शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

जोडी परत आली तेव्हा मी जवळ गेलो होतो. पुठ्ठ्यावरून रक्ताची बारीक धार खुरापर्यंत आली होती. पोरगा गमछ्याने पुसत होता. तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही बोललो, हे इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर चर्चा. ती ऐकली आणि मग मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, हे बरोबर नव्हतं. झालं, दहा जण अंगावर.

'तू त पुण्याचाच झाला गा भाऊ. आमाले नको शिकवू.' दुसरे म्हणाले, 'थो मानूस नसता त या गावचा पट कोन पाह्यला असता?' तिसऱ्याने मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतीचा विषय काढला. चौथ्याने कत्तलखान्याचा. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, 'जुना मानूस हाये, हाताले सवय हाये, सोडून द्या.' ह्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय नाटकाच्या तिकिटांवर गेला.

मी तिथे हरलो, कारण मला तोंडी भांडता येत नाही. म्हणून आता सावकाशीने भांडतो.

आधी ते घोड्यांचं, कारण ते मलाही पटायचं. महालक्ष्मीला श्रीमंतांचे घोडे पळतात, त्यांना चाबूक चालतो, आणि आमच्या बैलावरच कोर्टाचा डोळा का? यात दम आहे. वर्गाचा पक्षपात आहे, मान्य. पण त्या घोडेवाल्यांचं पुढे काय चाललंय ते पण बघा ना. ब्रिटनमध्ये २०२३ पासून नियम असा आहे की जॉकीने ठरलेल्या मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त फटके मारले तर जिंकलेला घोडाच बाद. नुसता दंड नाही, निकाल रद्द. माझा एक टीममेट ऑनसाइटला पोलंडमध्ये होता, तिथे स्पीडवे नावाच्या बाइक रेसचं लोकांना क्रिकेटसारखं वेड आहे. बिनब्रेकच्या गाड्या, मातीचा गोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या. तिथे सुटायच्या आधी फितीला धडकलात तर त्या रेसमधून तुम्हाला बाहेर काढू शकतात, मग तुम्ही माजी वर्ल्ड चॅम्पियन असा नाहीतर कालचं पोरगं. आणि तिथे तर खाली लोखंड आहे, त्याला टोचलं तरी दुखत नाही! आपल्याकडे खाली जिवंत जनावर, आणि माजी चॅम्पियनला माईकवरून शाबासकी. तुलना करायचीच तर पूर्ण करा.

कत्तलखान्याचं उत्तर द्यायचीही गरज नाही खरं तर. शेजारच्या घरी चोरी होते म्हणून मी खिसे कापावेत का?

'जुना माणूस, सवय' हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक आर्ग्युमेंट. अहो, सवय सगळ्यांनाच होती. माझ्या आजोबांनाही होती. पटाहून आलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर आजी हळद-तेल लावायची, बैल थरथरायचा, आणि मी ते बघत बसायचो. तेव्हा ते मला प्रेमच वाटायचं. आजही ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकणारे आणि पटाच्या दिवशी आर टोचणारे हात एकच होते. पण २०१४ च्या निकालात न्यायालयापुढे जे मांडलं गेलं त्याची यादी काढून बघा: शेपट्या चावणं, पिरगाळणं, टोचणं, दारू पाजणं. आपल्याला बाहेरच्यांनी बदनाम केलं असं आपण नऊ वर्षं म्हणत होतो. त्या रविवारी उस्तादांनी त्यातल्या तीन गोष्टी पाच मिनिटांत करून दाखवल्या. भर मैदानात. शाल अंगावर असताना.

आणि आता मुद्द्याचं, जे टपरीवर मला नीट सांगताच आलं नाही. २०२३ चा निकाल कसा लागला हे आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? 'परंपरा आहे, पळवा बैल' असा तो नाही. न्यायालय म्हणालं की राज्यांनी कायदा आणि नियम करून जनावराच्या यातना बऱ्याच कमी केल्यात, म्हणून हे कायदे टिकतात. आणि नियम काटेकोर पाळले जातात की नाही याची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली. आमच्या भाषेत, ही इफ कंडिशन आहे. नियम पाळले, तर पट. एल्सचा ब्लॉक आपण २०१४ ते २०२१ जगून झालोय. महाराष्ट्राच्या नियमात काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, धाव एक हजार मीटरच्या आत. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. म्हणजे उस्तादांनी त्या दिवशी जे मारलं ते एका बैलाच्या पुठ्ठ्यात तर मारलंच, पण आपण जे कागद घेऊन कोर्टात उभे होतो त्या कागदांनाही भोक पाडलं. मैदानात तेव्हा कमीत कमी दोनशे मोबाइल वर होते. उद्या त्यातला एक व्हिडिओ कुठल्या वकिलाच्या हाती लागला, तर तो 'हा एक जुना माणूस होता' असं म्हणणार नाही. तो म्हणणार, बघा, हे असेच आहेत. आणि आपल्याकडे उत्तर काय? शिट्ट्यांचा आवाज?

'पुण्याचा झालास' याचंही उत्तर देतोच. होय, झालो. दर महिन्याला पगार येतो, बैल माझ्या दारात नाही. पण तो पोरगा पुण्याचा नव्हता ना? त्याच गावातला, चार एकर धानाचा धनी. त्याने बैलाला थोपटून पळवायचं ठरवलं होतं. बैल पळाला नसता, एक फेरी गेली असती, पुढच्या वर्षी पळाला असता. त्याला न विचारता त्याच्या जनावराला टोचलं आणि त्याने बोलायची सोय नव्हती, कारण समोर उस्ताद. हा मान नाही, ही दादागिरी आहे. आणि मला सांगा, तुतारीशिवाय जोडी पळवणं हेच जास्त कसबाचं नाही का? तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायका छकडा हाकतात, लोक लांबून बघायला येतात. टोचून तर कुणीही पळवेल. उस्तादांचं कसब जर आरीतच होतं, तर मग आम्ही वीस वर्षं टाळ्या कशाला वाजवत होतो? मला तरी असं वाटतं की कसब हातात होतं, आवाजात होतं. मी त्यांना जोडीशी बोलताना ऐकलंय, घोगऱ्या हळू आवाजात, आईने पोराशी बोलावं तसं. तो माणूस आरीमागे कधी लपला आणि का लपला, हा प्रश्न मला जास्त छळतो.

परत आल्यावर मामाला फोन केला. म्हटलं, मामा, तीन गोष्टी करा. ज्या जोडीला तुतारी लागली तिचा निकाल रद्द, मग ती कुणाचीही असो. सुटायच्या रेषेजवळ धुरकरी आणि कमिटीचा माणूस सोडून कुणी नाही, प्रमुख पाहुणे तर नाहीतच. आणि माईकवाल्याने शाबासकी द्यायची नाही, नाव घेऊन थांबवायचं. माईकवाला हा पटातला सगळ्यात पॉवरफुल माणूस असतो, हे ज्यांनी पट पाहिलाय त्यांना माहीत आहे.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पैले दोन होतील. तिसरं कोन करन? उस्तादाचं नाव माइकवर कोन घेईन?'

मी म्हटलं, मी घेतो.

मामा हसला. म्हणाला, पोळ्यानंतर कमिटीची मीटिंग असते, सुट्टी काढून ये आणि सगळ्यांसमोर सांग. उस्तादही असतात मीटिंगला. लीव्ह अप्लाय केलीय. मॅनेजरने कारण विचारलंय, अजून काय लिहायचं ते सुचलेलं नाही.