आधी डोळा निवू द्या, मग बुबुळ बदला

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा म्हणून पाळला जातो. प्रभातफेऱ्या निघतात, फलक लागतात, संकल्पपत्रे भरली जातात. हे सारे स्वागतार्हच आहे. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. म्हणून घरच्यांनी नेत्रपेढीला लगेच कळवावे, मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी, एवढे आता बऱ्याच वाचकांना माहीत झाले आहे. परंतु डोळा मिळाला की दृष्टी आली, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. दाहाने खराब झालेल्या डोळ्यांच्या बाबतीत तर तो रुग्णाचे नुकसान करणारा आहे.

बोलीभाषेत आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बुबुळरोपणात हाच पडदा बदलतात, अख्खा डोळा नव्हे. या पडद्याचे वैशिष्ट्य असे, की निरोगी असताना त्यात एकही रक्तवाहिनी नसते. त्याचे पोषण मुख्यत्वे अश्रूंतून आणि डोळ्यातील पाण्यातून होते. शरीरात शिरलेले परके ओळखून त्यावर तुटून पडणाऱ्या पेशी रक्तातून फिरतात. येथे रक्ताची वाटच नसल्यामुळे दुसऱ्याचा कॉर्निया सहसा सुखाने नांदतो. मूत्रपिंडासारखे अवयव जुळवताना जी यातायात करावी लागते, ती येथे बहुधा लागत नाही.

दाह झाला की हे सारे चित्र पालटते. आपल्या जिल्ह्यात ऊस तोडताना पाते लागते, ज्वारीच्या मळणीत कुसळ डोळ्यात जाते आणि त्या खरचटीतून बुरशीचा व्रण होतो. हर्पिस नावाच्या विषाणूचा दाह पुन्हा पुन्हा उलटतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे भाजतात. एखाद्या औषधाची तीव्र रिअॅक्शन येऊन अंगाबरोबर डोळेही सोलवटतात. काहींना संधिवाताबरोबर बुबुळाच्या कडेला व्रण होतात. खुपऱ्यांनीही एकेकाळी असंख्य डोळे घालवले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो रोग भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. कारणे वेगळी, पण बऱ्याचदा शेवट एकच. जखम भरताना पांढरे फूल पडते आणि कडेकडून लाल रक्तवाहिन्या बुबुळात शिरतात. जी वाट बंद होती ती उघडते आणि शरीराचे पहारेकरी नव्या बुबुळापर्यंत जाऊन पोहोचतात.

हा अनुभव या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. माणसावरील पहिले यशस्वी बुबुळरोपण डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी केले. गाव होते आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स. रुग्ण हा चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत रोपण झाले. एका डोळ्यातले फसले, दुसऱ्यातले स्वच्छ राहिले आणि तो कामावर परतला. एकच माणूस, एकच शल्यविशारद, तरीही निकाल दोन! रोपणाचे यश हाताच्या कौशल्याइतकेच डोळ्याच्या स्थितीवर अवलंबून असते, हा धडा तेथूनच घ्यायला हवा होता.

आकडेही हेच सांगतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने सतराशेहून अधिक रोपणांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या रोगात दाह नसतो. त्या रोगात पाच वर्षांनंतर शंभरातली सुमारे ९५ रोपणे टिकली होती. सर्व रोगांची मिळून निम्म्याहून कमी टिकली. एकदा रोपण फसल्यावर पुन्हा केलेल्यांत तर शंभरातली अवघी २१. म्हणजे पहिली संधी हीच सर्वांत मोलाची. ती घाईने वाया घालवू नये.

वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरणी करीत नाही. रोपणालाही हाच नियम लावला पाहिजे. डोळा लाल आहे, दुखतो आहे, पाणी गळते आहे, अशा अवस्थेत केवळ दृष्टीसाठी बुबुळ बदलणे शहाणपणाचे नाही. आधी दाह शमवावा, पापण्यांचे दोष व डोळ्याचा कोरडेपणा पाहावा, डोळ्यातील दाब तपासावा. हर्पिसच्या रुग्णात डोळा साधारण सहा महिने तरी शांत राहिलेला असावा. या रोगात असायक्लोव्हिरच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, हे १९९८ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले. या नियमाला एक अपवाद आहे. व्रणामुळे बुबुळाला भोक पडले किंवा औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग पसरत चालला, तर तातडीने रोपण करावे लागते. पण ते डोळा वाचवण्यासाठी असते, दिसण्यासाठी नव्हे.

काही डोळ्यांना नुसता कॉर्निया बदलून भागत नाही. बुबुळाच्या कडेला मूळपेशी असतात. त्या वरचा थर सतत नवा करीत असतात. चुना, आम्ल किंवा औषधाच्या रिअॅक्शनने त्या जळाल्या असतील, तर नवा कॉर्नियाही पांढरा होतो. एकच डोळा भाजला असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन या पेशी पुन्हा लावता येतात. याची एक सोपी पद्धत हैदराबादच्या याच संस्थेतील डॉक्टरांनी २०१२ साली जगापुढे मांडली. फूल फक्त वरच्या थरांत असेल तर रुग्णाचा स्वतःचा आतला थर कायम ठेवून बाकीचे थर बदलता येतात. त्यामुळे आतल्या थरावरचा हल्ला, जो सर्वांत घातक, तो टळतो. आपल्या डोळ्याला यांतील काय लागू आहे, हे प्रत्येक रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरची वाट तर आणखी लांब आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की थोड्याच दिवसांत माणूस वर्तमानपत्र वाचू लागतो. येथे केसाहून बारीक टाके कित्येक महिने डोळ्यात राहतात आणि नजर स्थिरावायला वर्षही लागते. ड्रॉप्स दीर्घकाळ, कधी कायमचे घालावे लागतात. ‘आता दिसतंय की, मग औषध कशाला?’ असे म्हणून बाटली फेकणे हे रोपण फसण्याचे एक मोठे कारण आहे. नवे बुबुळ नाकारण्याची क्रिया काही वर्षांनीही सुरू होऊ शकते. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसू लागणे, दुखणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी आठवडी बाजाराची किंवा पगाराची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे. वेळीच उपचार झाले तर बरेचदा बुबुळ वाचते.

आता दोष रुग्णाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण करमाळ्याच्या वाडीतला ऊसतोड मजूर किंवा सोलापुरातली विडी कामगार दर महिन्याला पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला तपासणीसाठी जाणार कशी? दिवसाचा रोज बुडतो, सोबतच्या माणसाचाही बुडतो, शिवाय गाडीभाडे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की बुबुळरोपण हा शिबिरांचा आणि उद्दिष्टांच्या आकड्यांचा विषय नाही. किती रोपणे केली हे जाहीर करण्याऐवजी वर्षाने त्यांतली किती स्वच्छ राहिली, हे शासनाने विचारावे. शस्त्रक्रिया कोठेही होवो, नंतरची तपासणी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणि तालुक्याच्या जागी व्हावी. ड्रॉप्स रुग्णाला अखंड व मोफत मिळावेत. आणि रोपण करणाऱ्या डॉक्टरांनी एक लेखी मराठी कागद रुग्णाच्या हाती द्यावा. त्यात धोक्याची लक्षणे आणि दूरध्वनी क्रमांक असावा. याला फार पैसा लागत नाही. चिकाटी लागते.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच फूल पडू न देण्याचा. चुना डोळ्यात गेला तर दिसणारे कण काढून स्वच्छ पाण्याने अर्धा तास तरी डोळा धूत राहावे आणि मग दवाखाना गाठावा. कुसळ गेले तर ते जिभेने किंवा पदराच्या टोकाने काढू नये. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप्स तर मुळीच आणू नयेत. बुरशीच्या व्रणात ते आगीत तेल ठरतात. गंमत अशी, की तेच ड्रॉप्स रोपणानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमृत ठरतात.

एखादे कुटुंब ऐन दुःखात, रडे आवरून, आपल्या माणसाचे डोळे देते. ते बुबुळ घाईने किंवा हेळसांडीने वर्षभरात पांढरे झाले, तर तोटा फक्त रुग्णाचा होत नाही, त्या दानाचाही अवमान होतो. नेत्रदानाचा प्रचार जरूर करावा. त्याबरोबर, दिलेला डोळा शेवटपर्यंत सांभाळण्याचीही जबाबदारी आपण सर्वांनी उचलावी.