केस गळू लागले म्हणून पाण्यास दोष का द्यावा?

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत १९४८ साली वसविण्यास प्रारंभ झाला. रुंद रस्ते, त्यांच्या दुतर्फा वृक्ष आणि ठिकठिकाणी उद्याने यांमुळे नियोजनबद्ध नगररचनेचा एक नमुना म्हणून तिची ख्याती झाली. आज ह्या वसाहतीत व तिच्या आसपास शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेले पुष्कळ तरुण भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव इकडून आलेले मराठी तरुणही आहेत. घर सोडून काही महिने लोटले की ह्या तरुणांच्या तोंडी एक तक्रार हटकून ऐकू येते : "इथले पाणी लागले आणि केस गळू लागले."

ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती केवळ चुकीची असती, तर तिच्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु ती अपायकारकही आहे. तरुणपणी सुरू होणाऱ्या केसगळतीवर जे थोडे उपाय खात्रीचे आहेत, ते लवकर सुरू केले तरच विशेष उपयोगी पडतात. पाण्यास दोषी ठरविणारा तरुण ती मोलाची एकदोन वर्षे नळास गाळण्या बसविण्यात, विकतच्या पाण्याने डोके धुण्यात व तेले बदलण्यात घालवितो. आणि अखेर वैद्यक तज्ज्ञाकडे जातो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

प्रथम पाण्याचीच बाजू पाहू. बंगळूरचे पाणी म्हणून एकच एक पदार्थ नाही. जयनगरात काही घरी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी येते, काही इमारतींत विंधणविहिरीचे, तर टंचाईच्या दिवसांत टँकरचे. विंधणविहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यास लोक जड पाणी म्हणतात, पाठ्यपुस्तके दुष्फेन म्हणतात. त्यात साबणाचा फेस नीट होत नाही, केसांवर क्षारांचा सूक्ष्म थर बसतो आणि केस राठ व निस्तेज वाटतात. येथवर तक्रार खरी आहे. परंतु त्वचेच्या वर जो केस आपणांस दिसतो, तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा होय. केसाचे जिवंत मूळ त्वचेच्या आत, काही मिलिमीटर खोल असलेल्या एका सूक्ष्म पिशवीत असते. तिला केशपुटक म्हणतात. अंघोळीच्या पाण्यातील क्षार धाग्यावर बसतात. मुळाशी पोहोचून ते त्यास क्षीण करीत नाहीत.

ह्याहून सोपा पुरावा प्रत्येकाच्या डोक्यावरच आहे. तरुणाचे केस विरळ होतात ते कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि टाळूवर. कानांच्या वरचे व मानेकडील केस मात्र दाटच राहतात. एकाच बादलीतील पाणी साऱ्या डोक्यावरून ओघळते. मग त्या पाण्याने टाळू तेवढी निवडावी आणि मानेस अभय द्यावे, हे कसे घडेल?

तेव्हा भेद पाण्यात नसून केशपुटकांत आहे. ह्या भेदाचे स्वरूप प्रथम सप्रमाण मांडले ते अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी, १९४२ साली. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या वृषणांचे कार्य थांबले होते अशा पुरुषांस टक्कल पडत नाही, असे त्यांस आढळले. अशा पुरुषांस टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले असता, ज्यांच्या कुळात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक थांबविताच टक्कल वाढणे थांबले; पण गेलेले केस परतले नाहीत. म्हणजे टक्कल पडण्यास संप्रेरक व आनुवंशिक कल ही दोन्ही लागतात. पुढे असे कळून आले की, शरीरातील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ह्या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करते. टाळूवरील केशपुटके जन्मतःच ह्या द्रव्याबाबत संवेदनक्षम असतील, तर प्रत्येक आवर्तनात ती थोडी थोडी लहान होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, बारकाच्या जागी लव येते. मानेकडील केशपुटके तशी संवेदनक्षम नसतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्रिच यांनी १९५९ साली दाखविले की, मानेकडील केस उचलून टाळूवर रोपले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीत. आजची सारी केशरोपणविद्या ह्याच तत्त्वावर उभी आहे.

आनुवंशिकतेविषयीही एक समजूत घरोघर आढळते : मामास टक्कल असले तर भाच्यास पडणारच. तीत सत्याचा अंश आहे. कारण पुरुषी संप्रेरकास प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुत्रास ते मातेकडून मिळते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका संशोधनात सुमारे ५२,००० पुरुषांची तपासणी होऊन टकलाशी संबंधित अशी २८७ जनुकीय स्थाने आढळली. त्यांतील बहुसंख्य एक्स गुणसूत्राबाहेरची होती. सबब मामाबरोबर पित्याच्या डोक्याकडेही पाहणे इष्ट.

मग पाण्याविषयीची समजूत इतकी दृढ का? आमच्या मते त्यास दोन कारणे आहेत, आणि दोन्ही काळाशी निगडित आहेत. पहिले असे की, ज्या वयात तरुण घर सोडून परगावी जातो, त्याच वयात, म्हणजे विशीच्या आगेमागे, आनुवंशिक केसगळतीची पहिली चिन्हे प्रकट होतात. तो सांगलीतच राहिला असता तरी ती प्रकट झालीच असती. फक्त तेव्हा दोष कृष्णेच्या पाण्यास कोणी दिला नसता.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. त्यांतील बहुतेक केस दोन ते सहा वर्षे वाढत असतात. काही थोडे विश्रांतीच्या अवस्थेत असून सुमारे तीन महिन्यांनी गळून पडतात. म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविकच होय. परंतु डेंग्यू वा विषमज्वरासारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, एकाएकी घटलेले वजन, अपुरा आहार किंवा तीव्र मानसिक आघात ह्यांमुळे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोनतीन महिन्यांनंतर एकाच वेळी गळू लागतात. परगावी आलेला तरुण आरंभीच्या महिन्यांत खाणावळीचे अपुरे जेवण जेवतो, जागरणे करतो, कधी तापाने अंथरुणास खिळतो. केस गळू लागतात तेव्हा ते दुखणे तो विसरलेला असतो, पण नळाचे पाणी रोज समोर असते. हे गळणे बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते व केस परत येतात. दरम्यान ज्याने पाण्याची गाळणी बसविलेली असते, तो त्याचे श्रेय गाळणीस देतो आणि समजूत आणखी पक्की होते.

अमुक गोष्टीनंतर तमुक घडले म्हणून ती तिच्यामुळेच घडली असे मानणे, ही चूक केवळ तरुणांकडूनच होते असे नव्हे. महाराष्ट्रातच ह्याचे एक बोधप्रद उदाहरण अलीकडे घडले. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ ह्या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील व आसपासच्या गावांत अनेक स्त्री-पुरुषांचे व मुलांचे केस तीनचार दिवसांतच झडून टक्कल पडले. तेथेही संशय प्रथम पाण्यावर गेला. पुढे विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वज्ञात झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, मूत्र व केस आणि त्यांच्या घरातील गहू यांची तपासणी करविली. तीत सेलेनियम ह्या मूलद्रव्याचे प्रमाण फार अधिक आढळल्यावरून, शिधावाटप दुकानांतील गव्हातून ते शरीरात गेले असावे, असे प्रतिपादन त्यांनी केले. गव्हाविषयीच्या ह्या निष्कर्षावर वादही झाला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, नमुने घेऊन मोजमाप केले म्हणूनच विचारास दिशा मिळाली. शिवाय ती केसगळती टाळूपुरती नव्हती. काही दिवसांत सबंध डोक्यावर पसरणारी, वयाचा व लिंगाचा भेद न करणारी होती. बाह्य कारणाने केस जातात तेव्हा ते असे जातात. जयनगरातील तरुणाचे केस वर्षानुवर्षे, ठराविक आकृतीत, कपाळाच्या कोपऱ्यांपासून मागे सरतात, ते निराळ्या कारणाने.

तेव्हा पहिले कर्तव्य हे की, निदान करून घ्यावे. फणीत किती केस आले हे मोजीत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी त्याच प्रकाशात, त्याच बाजूने कपाळाचे व टाळूचे छायाचित्र घ्यावे. त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून पाहतात तेव्हा टाळूवर जाड व बारीक केस शेजारी शेजारी उगवलेले दिसले, तर तो आनुवंशिक प्रकार समजतात. नाण्यासारखे वाटोळे, गुळगुळीत चट्टे पडले असतील, तर ती चाई. तीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केशपुटकांवर उलटलेली असते, व तिचा उपचार भिन्न आहे. खाज, खपल्या वा पू असल्यास संसर्गाचा विचार करावा लागतो. हे भेद दुकानदार जाणत नाही, आणि जाहिरात तर मुळीच नाही.

आनुवंशिक प्रकारावर आज दोन औषधांस भक्कम आधार आहे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असे दिसून आल्यामुळे त्याचा द्राव डोक्यास लावण्याची प्रथा पडली, आणि अमेरिकेत त्यास १९८८ साली मान्यता मिळाली. आरंभी काही आठवडे केस अधिक गळू शकतात. गुण दिसावयास चारसहा महिने लागतात. आणि सोडल्यास मिळालेला लाभ जातो. फिनास्टेराइड ही गोळी वर सांगितलेल्या विकरास आवर घालते. तिला ह्या कामासाठी १९९७ साली तेथे मान्यता मिळाली. ती केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. थोड्या पुरुषांत तिने कामेच्छा मंदावते; तसेच आत्मघाताचे विचार येणे हा तिचा एक दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ साली मान्य केले आहे. ज्यास पूर्वी नैराश्य आले असेल त्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. दोन्ही औषधे असलेले केस राखण्यात अधिक समर्थ असून, गेलेले परत आणण्यात दुबळी आहेत. म्हणूनच आरंभीच्या चिन्हांस महत्त्व आहे.

तेलाविषयी दोन शब्द. रेळे व मोहिले ह्या मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखविले की, खोबरेल तेल केसात शिरून त्यातील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. हे संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत झाले, हेही सांगितले पाहिजे. असो. त्याने धागा जपला जातो. पण संप्रेरकाने क्षीण झालेले मूळ सुधारत नाही. जो कोणी टकलावर हमखास केस उगवून देण्याचे वचन देतो, त्याच्याविषयी एवढे ध्यानी ठेवावे की, भारताच्या १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत टक्कल व नवे केस उगविणे ह्यांचा नामनिर्देश असून, ती बरी करण्याचा दावा औषधाने करू नये असा नियम आहे. केशरोपणासंबंधीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावले आहे की, ती रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी करावयाची शस्त्रक्रिया असून, केवळ चित्रफिती पाहून शिकावयाची कला नव्हे. विशीतल्या तरुणाने तिची घाई करू नये. कारण टक्कल कोठवर सरकणार हे त्या वयात ठरलेले नसते, आणि मानेकडील केसांचा साठा मर्यादित असतो.

अखेरचा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे. "अजून लग्न व्हायचे आहे आणि हे काय?" असे सुटीत घरी आलेल्या मुलास मावशी-आत्यांनी विचारावे आणि मित्रांनी त्याची थट्टा करावी, ह्यात आपल्याकडे कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु पाण्यास दोष देण्यामागे बव्हंशी हीच लाज असते. दोष बाहेरचा ठरला की उणेपणा आपला राहत नाही. वस्तुतः उणेपणा येथे नाहीच. टक्कल हा देहस्वभाव आहे, त्याने आयुष्य वा कर्तृत्व घटत नाही. औषध घेऊन केस राखणे हा एक मार्ग. काहीही न करता, वाटल्यास डोके तासून, मोकळेपणाने वावरणे हा दुसरा. दोन्ही सारखेच सन्मान्य आहेत. मात्र निवड माहितीने व्हावी, भयाने नव्हे. आणि ज्याची झोप, भूक व माणसांत मिसळणे ह्या चिंतेने हरपले असेल, त्याने केसांआधी मनाचा उपचार करून घ्यावा. त्यातही लाजण्याजोगे काही नाही. जयनगरात डेरेदार वृक्ष आहेत, दवाखाने आहेत, चांगले तज्ज्ञही आहेत. तेथील तरुणाने नळाकडे संशयाने पाहणे सोडून त्या तज्ज्ञांपैकी एकाची वेळ घ्यावी, हेच आमचे सांगणे आहे.