शाखा बंद करायला जीआर लागत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी बारावी झालेला पोरगा-पोरगी आहे आणि ज्यांच्या घरी सातबारा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. म्हणजे आपल्या केळापूर तालुक्यातले जवळपास सगळेच आले.

परवा पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर चहा घेत उभा होतो. खेड्यावरचे एक ओळखीचे काका भेटले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पेपरवाले हाय, तुम्हाले मालूम असन. पोराले सीईटीत बरे मार्क पडले. तो म्हन्ते मले शेतीच्या मशिनीचंच शिकाचं हाय. अ‍ॅग्री इंजिनिअरिंगले टाकू का? नोकरी लागन का?"

इतकी वर्षं बातमीदारी करतोय, पुढाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारलेत. पण त्या काकांना छातीठोक "टाका" म्हणायला जीभ रेटली नाही. नंतर रात्रभर डोक्यात तेच. कोरडवाहू कापूस, तूर, सोयाबीनच्या तालुक्यात शेतकऱ्याच्या पोराला शेतीचं इंजिनिअरिंग शिकायचं आहे आणि मी त्याला हो म्हणू शकत नाही. यात चूक कोणाची?

आधी ही शाखा काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना बीएस्सी अ‍ॅग्री आणि कृषी अभियांत्रिकी एकच वाटतं. बीएस्सीवाला पीक, बियाणं, कीड, खत शिकतो. कृषी अभियंता माती-पाणी अडवण्याची कामं, शेततळं, बांधबंदिस्ती, ठिबक, पेरणी आणि फवारणीची यंत्रं, साठवण, प्रक्रिया हे शिकतो. चार वर्षांचं बी.टेक. असतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल तुम्ही पाहिली असेल. गावातल्या बचत गटाला, एखाद्या होतकरू पोराला तुरीची डाळ गावातच करता यावी म्हणून ती तयार झाली. हे काम या शाखेचं.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. ही चारही वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना उभी राहिली. नाईकसाहेब पुसदचे, म्हणजे आपल्याच यवतमाळ जिल्ह्याचे. दर 1 जुलैला त्यांच्या जयंतीला आपण कृषी दिन साजरा करतो, हार घालतो, झाडं लावतो, फोटो काढतो. त्यांनी उभ्या केलेल्या विद्यापीठांतल्या एका शाखेवर काय वेळ आली, ते मात्र त्या दिवशी कोणी बोलत नाही.

2023 चा जानेवारी-फेब्रुवारी आठवा. कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. राहुरीच्या विद्यापीठात आंदोलन पेटलं, बाकी कृषी विद्यापीठांतही त्याचे पडसाद उमटले. कारण काय? एमपीएससीच्या कृषी सेवा मुख्य परीक्षेत कृषी अभियांत्रिकी हा वैकल्पिक विषय होता, तो नव्या अभ्यासक्रमात काढला गेला. तालुका कृषी अधिकारी, कृषी उपसंचालक या पदांसाठीची ही परीक्षा. पोट्ट्यांनी चार वर्षं जे शिकलं, त्यावर परीक्षाच नाही. म्हणजे फॉर्म भरा, पण दुसऱ्याच्या विषयात पेपर द्या.

आणि योगायोग पाहा. त्याच सुमारास, 2023 च्या सुरुवातीलाच, सरकारने जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा जाहीर केला. एकीकडे गावोगाव माती-पाण्याची कामं करणार म्हणून घोषणा, आणि दुसरीकडे माती-पाणी अडवण्याचं शास्त्र शिकलेली पोरं परीक्षेतून विषय काढला म्हणून उपोषणाच्या मांडवात. आमच्या धंद्यात अशा दोन बातम्या एकाच दिवशी येतात, पण वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

"परीक्षेचा एक विषय गेला, त्यात शाखा कुठे बंद झाली?" असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला तिथेच बोलायचं आहे.

शाखा बंद करायला जीआर लागत नाही. आधी नोकरीच्या परीक्षेतला विषय जातो. मग बारावीचा पोरगा विचार करतो, की पुढे दारच नाही तर जाऊ कशाला. मग जागा रिकाम्या राहतात. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही. कृषी विद्यापीठांतल्या रिक्त पदांची ओरड तर वर्षानुवर्षं चालूच आहे. प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं की दुरुस्त होत नाही. आणि एक दिवस कागदावर ओळ येते, "विद्यार्थ्यांचा अल्प प्रतिसाद". मग जागा निम्म्या, मग शाखा बंद. सही करणारा साहेब म्हणतो, आम्ही काय करणार, मुलंच येत नाहीत.

अहो, विहिरीचा झरा तुम्हीच बुजवला आणि आता म्हणता पाणी लागत नाही!

हे फक्त कृषी अभियांत्रिकीचं नाही. राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत गेल्या काही वर्षांत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या जागा कमी करून कॉम्प्युटर आणि एआय नावाच्या जागा वाढवण्याची शर्यत लागली. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली, मग तर रान मोकळंच झालं. कॉम्प्युटर शिकू नका, असं मी म्हणत नाही. माझा स्वतःचा भाचा तेच शिकतोय. पण पुलाचा स्लॅब, गावची डीपी, जिनिंगमधली मशीन, पाझर तलावाचा सांडवा हे सगळं मोबाईलवरून नीट होत नाही ना भाऊ.

पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. तिथे 2024 च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी खासगी कॉलेजवाल्यांना जाहीरपणे सांगितलं, की सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या शाखा बंद करू नका. तिथल्या कॉलेजांनी जागा फिरवून मागितल्या तेव्हा सरकारने अडवलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. कर्नाटकातही कॉम्प्युटरच्या जागांना आवर घालायची भाषा मंत्र्यांनी केली. त्यातून शेवटी किती साधलं यावर वाद होऊ शकतो. पण निदान तिकडे सरकार आणि कॉलेज यांच्यात भांडण तरी झालं. आपल्याकडे कोणी भांडल्याचं तुम्ही ऐकलं का?

आता हे सगळं केळापूरला का लागू पडतं, ते सांगतो.

2017 चा तो हंगाम आपण कोणीच विसरलो नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातले ते वॉर्ड ज्यांनी पाहिले, त्यांना मी काय सांगावं. तेव्हा चर्चा झाली ती औषधाची, कंपनीची, दुकानदाराची. ती व्हायलाच हवी होती. पण पाठीवरच्या पंपाची चर्चा किती झाली? डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत माणूस शिरतो, बॅटरीचा पंप बारीक धुक्यासारखे तुषार सोडतो, वारा फिरला की ते धुकं त्याच्याच नाकातोंडात. नोझल कोणतं, दाब किती, तुषार किती जाड, मजुराने कोणत्या दिशेने चालायचं, ही इंजिनिअरिंगची बाब आहे. ती पाहणारा, गावात येऊन दाखवणारा माणूस त्या वेळी किती गावांत पोचला होता? जिल्ह्याला दोन दिवसांचं शिबिर घेऊन हे होत नाही. तालुक्याला कायमचा माणूस लागतो.

दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं. काही वर्षांपूर्वी एका गावात बातमीला गेलो होतो. शेततळं पहिल्याच जोरदार पावसात एका बाजूने फुटलं. खालच्या शेतकऱ्याची दोन एकर पऱ्हाटी गाळाखाली. म्हातारा बांधावर बसून होता. म्हणाला, "बावा, तळं सरकारचं, मशीन ठेकेदाराचं, अन् नुसकान माह्यं." सांडवा कोणत्या बाजूला काढायचा हे जेसीबीच्या ड्रायव्हरने ठरवलं होतं. त्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही, त्याला सांगायलाच तिथे कोणी नव्हतं. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव असा, की उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा. तिथे बांध कसा घालायचा, उतार किती ठेवायचा, हे शिकवणारी शाखा आपल्याकडे आहे. तिच्या पोरांना मात्र त्या बांधावर जायला वाट नाही.

तिसरं, अनुदानाची यंत्रं. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, बिल अपलोड. हे सगळं ऑनलाइन होतं, चांगलं आहे. पण सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरा म्हणून सांगताना, ते यंत्र आपल्या ट्रॅक्टरला आणि आपल्या चढ-उताराच्या जमिनीत कसं लावायचं, हे शेतात उभं राहून कोण सांगणार? तुम्ही एक काम करा. तालुका कृषी कार्यालयात जा आणि विचारा, "साहेब, इथे कृषी अभियंता कोण आहे?" काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा.

आता माझ्यावर येणारे दोन आक्षेप मीच मांडतो.

पहिला, बीएस्सी अ‍ॅग्रीच्या मित्रांचा. "आमच्याच जागा कमी, त्यात हे कुठे वाटेकरी?" दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण जागा कमी आहेत म्हणून भावाच्या ताटातली भाकर ओढायची, की दोघांनी मिळून जागा वाढवायला सांगायचं? सरकारला हेच पाहिजे असतं, की तुम्ही आपसात भांडावं आणि पदं रिकामीच राहावीत.

दुसरा, "सरकारी नोकरीच कशाला? कंपन्या आहेत की." आहेत. ट्रॅक्टरच्या आहेत, ठिबकच्या आहेत, अन्नप्रक्रियेच्या आहेत. पण त्यांचं काम माल विकण्याचं आहे. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या बांधावर कंपनीचा माणूस जातो. दोन-चार एकरवाल्या कोलाम, गोंड शेतकऱ्याच्या बांधावर कोण जाईल? तिथे सरकारी माणूसच लागतो, आणि तो शिकलेला लागतो. मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकीचं स्वतंत्र संचालनालय आहे. तमिळनाडूत स्वतंत्र खातं आहे. आपल्या कृषी अभियंत्यांचीही ही जुनी मागणी आहे. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर नाव झालेल्या जिल्ह्यातून ही मागणी सगळ्यात मोठ्या आवाजात जायला हवी होती. गेली नाही. यात आम्ही पत्रकारही दोषी आहोत, मी स्वतःला वगळत नाही. 2023 मध्ये मी या आंदोलनाची दोन कॉलमची बातमी दिली आणि दुसऱ्या दिवशी विसरलो.

आता थोडं माजी विद्यार्थ्यांशी बोलतो.

नागपूरचं एलआयटी तुम्हाला माहीत असेल. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली संस्था. विद्यापीठाच्या ताब्यात असताना प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, कारभार अडकलेला. तिथले माजी विद्यार्थी "आमच्या वेळी काय दिवस होते" म्हणत फक्त गेट-टुगेदर करत बसले नाहीत. स्वायत्ततेसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, निवेदनं दिली, नेत्यांचे उंबरे झिजवले. 2023 मध्ये त्या संस्थेचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण संस्था मरू दिली नाही.

अकोल्याहून, परभणीहून बी.टेक. होऊन आज बँकेत, पोलिसात, महसुलात, पुण्याच्या कंपन्यांत असलेले आपल्या जिल्ह्याचे कितीतरी लोक आहेत. तुम्ही लागलात, चांगलं झालं. पण ज्या शिडीने चढलात, तिच्या पायऱ्या कोणी काढत असेल तर खालच्या पोरांसाठी एक शब्द बोला. आंदोलनाचा मांडव एकट्या वीस वर्षांच्या पोरांनी किती दिवस धरायचा?

माझं म्हणणं तीन ओळींत.

एक, कृषी सेवेच्या परीक्षेत कृषी अभियांत्रिकीला पूर्ण वजन असावं आणि ते पुन्हा कोणाच्या मर्जीने कमी-जास्त होऊ नये, असा पक्का नियम करा.

दोन, प्रत्येक तालुक्याला एक कृषी अभियंता द्या. निदान यवतमाळसारख्या जिल्ह्यांपासून सुरुवात करा.

तीन, कोणत्याही सरकारी किंवा विद्यापीठाच्या कॉलेजातली शाखा किंवा जागा कमी करण्याआधी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि त्या भागातले शेतकरी यांना समोर बसवून ऐका. "अल्प प्रतिसाद" लिहिण्याआधी प्रतिसाद का कमी झाला, तेही त्याच कागदावर लिहा.

या तीन मागण्यांचं निवेदन मी तयार करतोय. तहसीलदारांमार्फत मुख्यमंत्री आणि कृषिमंत्र्यांना पाठवायचं आहे. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. मी गोळा करायला येतो. कोणत्याही पक्षाचा झेंडा नको, सगळे चालतील.

आणि त्या काकांना काल फोन केला. म्हटलं, "काका, पोराचं मन असेल तर टाका. नोकरीची खात्री माझ्याजवळ नाही, खोटं बोलत नाही. पण शाखा बिनकामाची आहे असं कोणी म्हणालं, तर त्याले माह्याकडे पाठवा." काका हसले. म्हणाले, "भाऊ, पोरगा तं जातोच म्हन्ते. तुम्ही तेवढं ते निवेदन लवकर द्या."

देतो काका. या आठवड्यात देतो.

#कृषी_अभियांत्रिकी #पांढरकवडा #केळापूर