अंगणातली भाजी : आधी डबा पाहा



पावसाळा ओसरला की आमच्या देवळीत कापूस फुटू लागतो आणि पालेभाजी लावायचे दिवसही येतात. अंगण दोन खाटांएवढे असले तरी पालक, मेथी, सांबार, पुदिना आणि मिरचीची चार झाडे त्यात आरामात बसतात. पण बी आणण्याआधी डबा कोणता घ्यायचा ते ठरवू या.

आपला मुलूख कपाशीचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घराच्या कोपऱ्यात पडलेले असतात. मजबूत आणि फुकटचे, त्यामुळे धुऊन कुंडी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. कितीही धुतले तरी विषाचा अंश प्लास्टिकमध्ये राहू शकतो. तो मातीत आणि मातीतून भाजीत उतरू शकतो. अशा डब्यावर उभ्या कोनाचा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सर्वांत जहरी. पण हिरवा दिसला म्हणूनही डबा घरात घेऊ नये. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. असे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे 1971 चे कीटकनाशक नियमही सांगतात.

मग घ्यायचे काय? खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, जुनी घमेली, मातीची कुंडी. पालेभाजीला वीतभर खोली पुरते. मिरची-वांग्याला फूटभर हवी. तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर कवेलूचे तुकडे ठेवावेत.

आपली काळी माती शेतात सोने असली तरी नुसती डब्यात भरली तर ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग रेती असे मिसळावे. भाज्यांची देठे-साले वेगळ्या डब्यात कुजवली की पुढचे खत घरीच तयार होते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या अशाच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

पाण्याची काळजी नको. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. खाली टब ठेवला की घरातल्या चार माणसांच्या वुजूचे पाणी कुंड्यांच्या कामी येते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते, फक्त मिठाचे नको.

सांबाराचे धणे हलके रगडून दोन फाकी करावेत, रात्रभर भिजवून पेरावेत. मेथी महिनाभरात खुडता येते. बाजारातल्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळे फुटतात. सध्या रमजान थंडीच्या अखेरीस येतो, म्हणजे इफ्तारच्या चटणीला पुदिना आणि सांबार घरचाच.

मार्च सरता सरता ऊन चढते. तेव्हा जुनी ओढणी किंवा हिरवी जाळी वर बांधावी आणि पाणी सकाळी-संध्याकाळीच द्यावे.

पहिल्या वर्षी तीनच डबे लावा. रोजच्या सालनात पडणारी मूठभर हिरवळ कशात वाढली, तिच्यावर काय शिंपडले, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. आमच्या मते लेकरांच्या ताटासाठी एवढी खात्री फार मोलाची आहे.