पुलाखालचे बेकायदा मैदान

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात विलॅमेट नदीवर बर्नसाइड नावाचा पूल आहे. १९२६ साली बांधलेला हा पूल मोठ्या भूकंपात तग धरणार नाही, म्हणून तो उतरवून त्याच्या जागी नवा बांधण्याची योजना स्थानिक काउंटी प्रशासनाने आखली आहे. अशा योजनेत खांब कोठे रोवावेत, वाहतूक कोठून वळवावी, पैसा कोठून उभारावा, हे प्रश्न ओघानेच येतात. येथे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली. पुलाच्या पूर्व टोकाखाली स्केटबोर्डवर, म्हणजे चाके लावलेल्या फळीवर, खेळणाऱ्यांचे काँक्रीटचे मैदान आहे. नवा पूल बांधताना त्याचे काय करायचे? गंमत अशी, की ज्या मैदानाची दखल अभियंत्यांना इतक्या गांभीर्याने घ्यावी लागली, ते कोणत्याही सरकारी खात्याने बांधलेले नाही. १९९० साली काही तरुणांनी ते बांधायला घेतले, तेव्हा त्यांनी कोणाचीही परवानगी मागितली नव्हती.

परवानगी का मागितली नाही, याचे उत्तर या खेळाच्या इतिहासात सापडते. १९७६-७७च्या सुमारास कॅलिफोर्नियात अवर्षण पडले आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्या तलावांच्या वाटीसारख्या वळणदार भिंतींवर फळ्या चालवता येतात हे मुलांनी हेरले आणि रस्त्यावरच्या खेळाचे रूपच पालटले. धंद्याचा वास लागताच भांडवलवाल्यांनी तिकीट लावून खासगी मैदाने उभारली. मग हातपाय मोडल्याचे दावे आले, विम्याचे हप्ते भडकले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांतील बहुतेक मैदानांवर बुलडोझर फिरला. खेळणारे पुन्हा रस्त्यावर आले. तेथे दुकानदारांचा त्रागा आणि पोलिसांचा दंड त्यांची वाटच पाहत होता. जागा द्यायची नाही आणि जागा नाही म्हणून हुसकावायचे, असा हा न्याय होता. अशांनी अर्ज करायचा तो कोणाकडे?

बर्नसाइडखालची जागा कोणालाच नको होती. व्यसनी, बेघर, पोलिसांना चुकवणारे यांचा तो आसरा. तेथल्या भिंतीच्या पायथ्याशी तरुणांनी काँक्रीट ओतले आणि पहिला उतार तयार केला. त्यावर खेळून पाहिल्यावर दुसरा, मग तिसरा. आराखडा नव्हता, चुकले तर फोडायचे आणि पुन्हा ओतायचे. हे काम दिसते तितके सोपे नाही. वळणाची गोलाई जरा चुकली तर फळी अडखळते, वेग मरतो. पृष्ठभागावर खडबडीतपणा राहिला तर चाक अडकून खेळणारा तोंडघशी पडतो. गजांचा सांगाडा बांधून त्यावर ओले काँक्रीट उभ्या चढणीला थापायचे, ते ओघळू न देता थापीने आरशासारखे घोटायचे, काठाला लोखंडी नळी बसवायची, हे कसब कुशल गवंड्यालाही सहज साधणारे नाही. येथे घोटाईत कसूर करणाऱ्याला तिची शिक्षा स्वतःच्याच गुडघ्यावर भोगावी लागत होती. ठेकेदाराच्या कामावर देखरेखीची याहून कडक पद्धत अद्याप कोणत्याही बांधकाम खात्याला सुचलेली नाही.

वर्दळ वाढली तसा त्या जागेचा कुलौकिक कमी झाला आणि आसपासचे व्यावसायिक या पोरांच्या बाजूने बोलू लागले. १९९२ साली पोर्टलंडच्या नगर परिषदेने मैदानाला संमती दिली. वरातीमागून घोडे म्हणून या संमतीला हसता येईल; पण परिषदेचे खरे शहाणपण तिने जे केले नाही त्यात होते. तिने मैदान ताब्यात घेऊन व्यवस्थापक नेमला नाही, आतल्या बांधकामाची निविदा काढली नाही. भर घालणे, डागडुजी करणे, झाडलोट ठेवणे हे बांधणाऱ्यांच्याच हाती राहिले. त्या मंडळींतूनच पुढे स्केटपार्क बांधणारे नामांकित व्यावसायिक निपजले आणि ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी त्यांना रीतसर पैसे मोजून पाचारण केले. बेकायदा उमेदवारीला इतके राजमान्य फळ क्वचितच आले असेल.

याउलट उदाहरण फिलाडेल्फियाचे. तेथील लव्ह पार्क या चौकातून फळीवाल्यांना दूर करण्यासाठी नगर प्रशासनाने १९९०च्या दशकात शहराच्या दक्षिणेला, महामार्गाच्या पुलाखाली, सरकारी हिशेबाने एक मैदान करून दिले. त्यात खेळण्याजोगे फारसे काही नव्हते. खेळणाऱ्यांनी ते तसेच ठेवून भोवताली स्वतःच्या हातांनी नवे उतार आणि वाट्या रचल्या. आज एफडीआर या नावाने जगभर ख्याती आहे ती या भागाची. ज्याला वापरायचे आहे त्याला न विचारता केलेल्या सोयीची गत ही अशी होते.

नगर प्रशासनाला नुकसानभरपाईची धास्ती वाटते, ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु तिच्यावर उपाय निघालेला आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९७ साली स्केटबोर्डिंगला धोक्याच्या खेळांत गणले, हेल्मेट आणि कोपर-गुडघ्यांच्या गाद्या बंधनकारक केल्या आणि त्या अटींवर स्थानिक संस्थांची जबाबदारी मर्यादित केली. त्यानंतर त्या राज्यात सार्वजनिक स्केटपार्क झपाट्याने वाढले. तरीही लॉस एंजेलिसच्या सॅन पेड्रो भागात रहिवाशांनी महामार्गाखाली २००२पासून कष्टाने बांधलेले चॅनेल स्ट्रीटचे मैदान २०१४ साली रस्त्याच्या कामासाठी बंद झाले, आणि ते पुन्हा उघडण्यासाठी त्यांना परवाने व दाखले यांच्यामागे वर्षानुवर्षे धावावे लागले. काँक्रीट ओतायला जितके दिवस लागले नाहीत तितकी वर्षे कागद हलायला लागली.

या कौतुकात एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ देता कामा नये. पुलाखालची जागा 'सुधारली' असे म्हणताना तेथे रात्री झोपणारी माणसे कोठे गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. शिवाय हाताने बांधणाऱ्यांची अशी मंडळी बहुधा पुरुषांची आणि आतल्या गोटाची असते. नवख्या मुलाला आणि विशेषतः मुलींना तेथे पाय ठेवताना संकोच वाटतो. घाम गाळणाऱ्याचा हक्क मान्य करणे निराळे आणि सार्वजनिक जमिनीवर त्याची मिरासदारी मानणे निराळे. म्हणून अशा मैदानांना मान्यता देताना नगरपालिकेने दोनच गोष्टींबद्दल आग्रही असावे: पुलाच्या खांबांपर्यंत तपासणीसाठी पोहोचता आले पाहिजे, आणि मैदान सर्वांना खुले राहिले पाहिजे. वाटी किती खोल असावी, उतार किती वळावा, यात तिने लुडबूड करू नये. ते तिला समजत नाही, हे फिलाडेल्फियात दिसलेच आहे. बर्नसाइडचा नवा पूल उभारणाऱ्यांनी कामाच्या काळातील बंदीचे वेळापत्रक ठरवतानाही थापी हाती धरणाऱ्यांना आधी बोलवावे. पूल झाल्यावर तेथील काँक्रीटला तडे गेले, तर ते बुजवायला तेच येणार आहेत.